बिलोलीएवढा पोपडा

उद्धवराव मुखेडकर सर नांदेडच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवत होते. त्यामुळे बैठकीच्या खोलीतल्या भिंतीचा पहिला पोपडा त्यांच्या चहात पडला, तेव्हा त्यांनी कपात न बघता आधी भिंतीकडे बघितलं आणि मागे उरलेल्या जागेचा आकार मनात टिपून घेतला. तो बिलोली तालुक्याएवढा होता. म्हणजे शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात बिलोली जेवढी दिसते तेवढा. खऱ्या बिलोलीएवढी भिंत शिक्षक कॉलनीत कुणालाच परवडली नसती.

"रंग पडला," ते म्हणाले.

"चहात?" स्वयंपाकघरातून चंद्रप्रभाबाईंनी विचारलं.

"हाव."

"मग तो पिऊ नका. दुसरा टाकते."

प्रश्न चहाचा नव्हता. पण बायकोला भिंतीचं गांभीर्य सांगायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि तिला ते सगळं आधीच माहीत असतं, ही संसारातली मोठीच अडचण आहे. उद्धवरावांनी दुसरा चहा घेतला आणि खुर्ची भिंतीपासून चार फूट लांब नेली.

ही भिंत म्हणजे उद्धवरावांची आणि शेजारच्या गुरुपादप्पांची समाईक भिंत. तिच्यात पूर्वी जुन्या पेटीसारख्या टीव्हीसाठी एक कोनाडा होता. मग पातळ टीव्ही आला, तो दुसऱ्या भिंतीवर चढला आणि कोनाड्यात औषधं, चष्मे, लग्नपत्रिका आणि बंद पडलेले रिमोट राहू लागले. मागच्या वर्षी मृण्मयीच्या लग्नाची बोलणी व्हायची होती, म्हणून उद्धवरावांनी तो कोनाडा विटांनी बुजवून घेतला. मिस्त्री न लावता दोन मजूर आणून, स्वतः उभं राहून. वरून पिस्ता रंग दिला. नुसतं बघून कुणाला कळलं नसतं.

पण व्याही नुसते बघणारे नव्हते. लातूरचे औसेकर साहेब बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. कुठल्याही घरात गेले की चपला काढायच्या, हात जोडायचे आणि जवळची भिंत बोटांच्या पेरांनी वाजवायची, असा त्यांचा क्रम. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी कार्यालयाचा खांब वाजवलेला अनेकांनी पाहिला होता. त्याआधी, बोलणी ठरली त्या दिवशीही, पेढा तोंडात असताना त्यांनी ही भिंत वाजवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "इथं पोकळ आहे."

"नवीन आहे साहेब," उद्धवराव म्हणाले, "नव्या भिंतीचा आवाज तसाच येतो. पुढच्या वेळी याल तेव्हा वाजवून बघा."

"बघू," औसेकर म्हणाले.

त्या 'बघू'ला आता वर्ष झालं होतं. आणि यंदा अधिक महिना आला होता. तोही ज्येष्ठात, ऐन उन्हाळ्यात. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. मृण्मयीचं हे पहिलंच धोंडे जेवण. पोपडा पडला त्याच दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, पुढच्या गुरुवारनंतरचा गुरुवार ठरला. आम्ही दोघं आणि पप्पा. सासूबाईंना प्रवास झेपत नाही. पप्पा म्हणाले, भिंत बघायची राहिली आहे."

"या की. घर तुमचंच आहे."

"आणि ऐका ना. इथं पप्पांनी मला पहिल्याच आठवड्यात सगळ्या भिंती वाजवून दाखवल्या. मग मी पण सांगून टाकलं, आमचं घर माझ्या बाबांनी स्वतः उभं राहून बांधलंय, आमच्याही भिंती अशाच आहेत म्हणून."

उद्धवराव "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. औसेकरांनी आपल्याला काहीही म्हटलं असतं तरी त्यांनी ते पचवलं असतं. एकतीस वर्षं आठवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या माणसाला अपमान नवा नसतो. पण सासरी जाऊन चार महिने झालेल्या पोरीने एक शब्द टाकला होता, आणि तो शब्द आता पोपडा होऊन चहात पडत होता. तिला त्या घरात खोटं पडू द्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. हातात अकरा दिवस होते.

पहिल्या दिवशी त्यांनी मोबाइलवर भिंत दुरुस्तीचे नऊ व्हिडिओ पाहिले. नऊच्या नऊ व्हिडिओंत एक हसरा माणूस पत्रीने खरवडत होता आणि दीड मिनिटात भिंत नवी होत होती. घरात पत्री नव्हती, म्हणून उद्धवरावांनी उलथनं घेतलं. सैल असेल तेवढाच रंग काढायचा, असं व्हिडिओत सांगितलं होतं. उद्धवरावांनी बिलोलीच्या कडेला उलथनं लावलं तर देगलूर सुटलं. देगलूर काढलं तर मुखेड हलायला लागलं. स्वतःचं आडनाव असलेला तालुका पडू द्यायचा नाही म्हणून त्यांनी तिथे हात आवरता घेतला, तर उत्तरेकडून हदगाव आपोआप खाली आलं. जेवायच्या वेळेपर्यंत सबंध नांदेड जिल्हा जमिनीवर होता.

"ते उलथनं धिरड्याचं होतं," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लालमहंमद मिस्त्रींना बोलावलं. लालमहंमद चाळीस वर्षं शहरातल्या भिंती रंगवत होते, त्यांचे वडीलही तेच करायचे. उद्धवरावांच्या दोन मजुरांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली असणार, पण त्यांनी विषय काढला नाही. त्यांनी तळहाताची उलटी बाजू भिंतीला लावली आणि वैद्य नाडी बघतो तितका वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग खाली साचलेली पांढरी भुकटी बोटाने उचलून जिभेला लावली.

"खारं हाय," ते म्हणाले. "लोणा लागलाय, सर. दीवार वली हाय. पाणी कुठून तरी मुरून राहिलंय."

"रंग कधी देता?"

"रंग? पहले पानी बंद करो, फिर रंग की बात." त्यांची नजर कोपऱ्यातल्या खिडकीवर गेली. तिथे बाहेरून लोखंडी स्टँडवर भला मोठा कूलर बसवलेला होता आणि तो नेहमीप्रमाणे गरजत होता. "पंधरा दिवस हा कूलर बंद ठेवा. भिंत सुकली की मला बोलवा."

बाहेर त्रेचाळीस अंश होते. चंद्रप्रभाबाई हातातलं पुरणयंत्र घेऊनच बाहेर आल्या. महिन्याची तयारी त्यांनी आधीच सुरू केली होती.

"भिंत सुकवायला माणसं वाळवायची का?"

"मी भिंतीचंच बोललो, भाभी."

"कूलरचं नाव काढायचं नाही. पहिल्या धोंड्याला जावई येऊन राहिलेत. त्यांना काय घामानं न्हाऊ घालू? पलीकडं गुरुपादप्पांची मोरी आहे ना? तिकडं बघा आधी."

उद्धवरावांना हे फार पटलं. आपल्या घरातल्या ओलीचं कारण दुसऱ्याच्या घरात आहे, हा विचार माणसाला नेहमीच पटतो. शिवाय बोअरचं पाणी पाइपने कूलरमध्ये रोज ते स्वतः भरत असत. त्यामुळे त्या दिशेने शोध घेण्यात त्यांना काही शास्त्रीय अर्थ वाटला नाही.

गुरुपादप्पा मूळचे देगलूरचे, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, आणि गेली अकरा वर्षं शिक्षक कॉलनीच्या संस्थेचे सचिव. शिक्षक नसताना ते शिक्षकांच्या संस्थेचे सचिव कसे, हा प्रश्न एकदा सभेत निघाला होता, पण तो लेखी नसल्यामुळे त्यांनी घेतला नाही. रोज सकाळी दोघं आपापल्या फाटकात उभे राहून पेपरमधल्या बातम्यांवर बोलत. मिस्त्री येऊन गेल्याच्या दुसऱ्या सकाळी उद्धवरावांनी मोरीचा विषय काढला.

"अर्ज द्या की हो, सर," गुरुपादप्पा म्हणाले.

"अर्ज कशाला? तुम्ही तर इथं बाजूलाच राहता."

"बाजूला राहतो तो मी गुरुपादप्पा. समाईक भिंतीचा अर्ज सचिवाला लागतो. तीन प्रती द्या."

उद्धवरावांनी अर्ज लिहिला. 'सदर भिंतीस आपल्या बाजूने ओल येत असल्याचा दाट संशय असून' असं एक वाक्य त्यात होतं, ते लिहिताना त्यांना बरं वाटलं होतं. गुरुपादप्पांनी सचिव म्हणून अर्ज घेतला, शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला. एक प्रत फाइलला लावली. दुसरी प्रत 'संबंधित सभासद' म्हणून स्वतःलाच दिली आणि स्वतःचीच पोच सही घेतली. तिसऱ्या प्रतीवर 'पाहणी करण्यात यावी' असा शेरा मारून ती उद्धवरावांना परत केली. पाहणीला सात दिवसांची नोटीस लागते, पण शेजारधर्म म्हणून त्यांनी ती चार दिवसांची केली. हे सगळं होत असताना नीलम्मांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, उद्धवरावांना दोनदा ताक दिलं.

त्या चार दिवसांत नुसतं बसायचं नाही म्हणून उद्धवरावांनी भिंत वाळवण्याचा उपाय योजला. बाष्पीभवन हा धडा त्यांनी एकतीस वेळा शिकवला होता. वारा लागला की ओल उडते. त्यांनी कूलरची पाण्याची मोटर बंद केली, नुसता पंखा ठेवला, समोरच्या झडपा वाकवून सगळा वारा भिंतीकडे वळवला आणि समाधानाने आत जाऊन आडवे झाले. दहा मिनिटांनी चंद्रप्रभाबाई अनारशांचं पीठ चाळून घामाघूम होऊन बाहेर आल्या. कूलरमधून गरम वारा येतोय म्हणजे मोटर चालू करायची राहिली, असं समजून त्यांनी ती चालू केली, आणि त्याही आडव्या झाल्या. दोघं साडेचारला उठले. अडीच तास भिंतीवर गार, ओलसर, खाऱ्या पाण्याचा वारा सुटलेला होता. नांदेडला लागून अहमदपूर आणि उदगीर गेलं होतं.

"मोटर कुणी लावली?"

"मी. बंद कुणी केली होती?"

या प्रश्नाला धरून त्या घरात जे बोलणं झालं, त्याचा भिंतीशी संबंध नसल्यामुळे ते इथे देत नाही.

पाहणीच्या दिवशी गुरुपादप्पा इतिवृत्ताची वही घेऊन आले. संस्थेच्या वतीने समोरच्या वर्षाराणीताई आल्या. त्या कॉलनीच्या महिला प्रतिनिधी होत्या आणि कुणाच्याही घरात काही बिघडलं की मनापासून येत. तज्ज्ञ म्हणून उद्धवरावांनी लालमहंमदना बोलावलं होतं. आपल्या माणसाची साक्ष आपल्या बाजूने होईल, असा त्यांचा समज होता.

आधी सगळे गुरुपादप्पांच्या घरात गेले. तिथे मोरी नव्हती. मोरी तीन वर्षांपूर्वीच मागे हलवली होती. उद्धवराव वास्तुशांतीच्या जेवणाला येऊन गेले होते, तीन वाट्या बासुंदी घेतली होती, पण मोरी पाहायची राहून गेली होती. भिंतीला लागून आता एक लाकडी मांडणी होती आणि तिच्यावर संस्थेचं सगळं दप्तर होतं, स्थापनेपासूनचं. गुरुपादप्पांनी सगळ्यात जुनी फाइल काढून हलवली. कागद पापडासारखे वाजले.

"कोरडं ठणठणीत," लालमहंमद म्हणाले.

मग मंडळी या बाजूला आली. लालमहंमद थेट खिडकीशी गेले, बाहेर वाकले आणि कूलरच्या स्टँडकडे बोट दाखवलं. स्टँडच्या बाहेरच्या दोन पायांखाली विटांचे तुकडे होते. त्यामुळे कूलर आतल्या बाजूला कलला होता. टाकी भरली की वरचं पाणी चौकटीवरून कोपऱ्यात उतरत होतं आणि बुजवलेल्या कोनाड्याच्या सांध्यातून बिनबोभाट आत शिरत होतं.

"ह्या विटा कुणी ठेवल्या?" लालमहंमदनी विचारलं.

विटा उद्धवरावांनी ठेवल्या होत्या. कूलरचा वारा सोफ्यापर्यंत पोचत नव्हता म्हणून, तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, आणि त्याबद्दल घरात त्यांचं कौतुकही झालं होतं. कोनाडा बुजवताना ज्या विटा उरल्या, त्यांतली एक त्यांनी मागच्या वर्षी तिथेच वाढवली होती.

"सर," गुरुपादप्पा पेन सरसावून अत्यंत मायेने म्हणाले, "हे इतिवृत्तात घ्यावं लागतंय हो."

'ओल अर्जदाराच्या बाजूची असून अर्जदाराच्या कूलरखाली विटांचे तुकडे, नग तीन, आढळून आले,' असं त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. वर्षाराणीताईंनी अनुमोदन दिलं. उद्धवरावांनी खाली सही केली. त्यांनी आयुष्यात शेकडो प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या होत्या, पण नापासाच्या जागी स्वतः उभं राहून सही करायची ही पहिलीच वेळ होती.

विटा काढल्या, कूलर सरळ झाला. लालमहंमदनी भिंतीवर पुन्हा उलटा हात ठेवला.

"मिस्त्री, चार दिवसांवर पाहुणे आले," उद्धवराव म्हणाले. "चार दिवसांत काय होतं?"

"चार दिवसांत फकत झाकता येतं, सर. ते माझं काम न्हाई. माझा रंग पडला तर लोक माझं नाव घेतेत."

"थोडं तरी..."

"पंधरा दिवस. कूलर बंद," ते म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

तेव्हा झाकण्याचं पर्व सुरू झालं. वर्षाराणीताईंनी विटांचं चित्र असलेला चिकट कागद आणून दिला. त्यांच्या जावेने तो स्वयंपाकघरात लावला होता आणि तो अजून निघत नव्हता. उद्धवराव आणि चंद्रप्रभाबाईंनी दोन टोकं धरून तो भिंतीवर बसवला, बुडबुडे काढले, लांबून पाहिलं. खरोखरच विटांची भिंत वाटत होती. तासाभरात कागदाची वरची कड सुटली. मग ती सावकाश, आब राखून, खाली वळत गेली आणि जमिनीवर पोचली तेव्हा तिच्या पाठीला निलंगा, औसा आणि लातूर शहर चिकटलेलं होतं. औसा गेल्याचं उद्धवरावांना विशेष लागलं.

मग त्यांना नकाशा आठवला. सुटीत कसर लागू नये म्हणून शाळेचा कापडी नकाशा त्यांनी घरी आणून ठेवला होता. चांगला पाच फुटी, महाराष्ट्राचा. भूगोलाच्या मास्तरच्या घरी नकाशा असणारच, त्यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. त्यांनी स्टुलावर चढून खिळा धरला आणि हातोडीचा पहिला घाव घातला. खिळा आत गेला, पाठोपाठ हातोडी आत गेली आणि वीतभर गिलावा विटेच्या तुकड्यासह बाहेर आला. आतून जो आवाज आला, तो औसेकरांनी वर्षापूर्वी ऐकवलेलाच होता. उद्धवराव स्टुलावरून उतरले आणि त्यांनी नकाशाची गुंडाळी करून ठेवली. हिंगोली, परभणी, बीड, आता काही राहिलं नव्हतं.

गुरुवारी पहाटे नव्हे, चांगलं उजाडल्यावर, त्यांनी शेवटचा उपाय केला. पुट्टी कालवली, खड्डा बुजवला, ओल्यावरच ओली पुट्टी ओढली आणि त्या पुट्टीवर पिस्ता रंगाचे दोन हात दिले. रंग चढत नव्हता, सरकत होता. पण दहाच्या सुमाराला सगळा मराठवाडा एका रंगाखाली आला. भिंत चकचकीत दिसत होती. जरा जास्तच चकचकीत दिसत होती. बोट लावलं तर बोट आत जात होतं. कूलरची मोटर चालू होती, त्याबद्दल चंद्रप्रभाबाई एक शब्दही ऐकून घ्यायला तयार नव्हत्या, आणि बाहेर चव्वेचाळीस झाले होते.

गाडी साडेअकराला आली. मृण्मयी सगळ्यांत आधी आत आली. सासरची नवी जांभळी रेशमी साडी, हातात मिठाईचा डबा. तिने आईला मिठी मारली, बाबांकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, मग पुन्हा बाबांकडे बघितलं. उद्धवराव नजर चुकवून जावयाच्या बॅगेकडे गेले. यज्ञेश गुणी मुलगा होता, सासऱ्याच्या हातात बॅग देईना. तेवढ्यात औसेकर साहेब आले. चपला काढल्या, हात जोडले आणि हात सुटे होताना उजव्या हाताची बोटं मिटली.

त्यांनी दाराशेजारची भिंत वाजवली. "ठीक," म्हणाले. मग टीव्हीची भिंत वाजवली. "ठीक." मग ते वळले, तर पिस्ता भिंतीच्या बरोबर मधोमध मृण्मयी टेकून उभी होती.

"अगं, बस ना," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"नको आई. गाडीत बसून बसून पाय आखडले."

"सूनबाई, जरा सरकता का?" औसेकर म्हणाले.

"पप्पा, पानं मांडायची वेळ झाली. भिंत कुठं पळून जाते का?"

औसेकरांनी तिच्याकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, आणि सोफ्यावर जाऊन बसले.

लेक-जावयाला शेजारी बसवून ओवाळायचं होतं, म्हणून चंद्रप्रभाबाईंनी टेबलाशी दोन चांगल्या खुर्च्या मांडल्या होत्या. मृण्मयीने आपली खुर्ची बाजूला केली आणि बिनपाठीचं स्टूल ओढून भिंतीला लावलं. टेबल, खुर्ची आणि नवरा तिने स्वतःकडे सरकवून घेतले. "मला स्टूलच बरं," ती म्हणाली. ही मुलगी लहानपणी त्या स्टुलावर बसायला लागू नये म्हणून रडायची, हे उद्धवरावांना आठवलं. पण त्यांना वाटलं, लग्न झालं की आवडी बदलत असतील.

ओवाळणं झालं. तेहतीस अनारशांचं तबक दिवा लावून यज्ञेशच्या हाती दिलं गेलं. धोंडे वाढले, वर तुपाची धार पडली. मृण्मयी टेकलेलीच होती. वरण मागायला पुढे वाकली नाही, आईच्या हातातला पापड घ्यायला वाकली नाही. फोन पलीकडे वाजला तरी उठली नाही. औसेकर जेवताना दोनदा तिच्याकडे बघून पुन्हा पानात बघू लागले. उद्धवराव वाढायला येईल त्या प्रत्येक पदार्थाला पानावर हात आडवा धरत होते. जेवण झालं की व्याही उठणार, हात धुणार आणि ओली बोटं घेऊन सरळ भिंतीकडे येणार, हे त्यांना दिसत होतं.

औसेकर उठले, हात धुतले, पुसले. खोलीत आले. मृण्मयी मांडीवर हात ठेवून स्टुलावर बसलेली होती. बाकी सगळे उभे होते. क्षणभर सासरा आणि सून एकमेकांकडे बघत राहिले. मग औसेकर वळले आणि त्यांनी दाराची चौकट वाजवली.

"सागाची का?"

"हाव, सागाची," उद्धवराव म्हणाले.

"चांगली आहे," औसेकर म्हणाले. "बघितलं घर."

चारला मंडळी निघाली. सगळे बाहेर पडल्यावर मृण्मयी उठली. चव्वेचाळीस अंशांत तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतला आणि भिंतीकडे पाठ ठेवूनच दारापर्यंत गेली. उंबऱ्याशी ती बाबांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा पदर सरकला. जांभळ्या साडीवर खांद्यापासून कमरेपर्यंत पिस्ता रंग होता. उद्धवरावांनी तोंड उघडलं.

"बाबा, बोलू नका," ती हळूच म्हणाली आणि पदर ओढून गाडीत जाऊन बसली.

गाडी गेल्यावर ते आत आले. भिंतीवर मृण्मयीची पाठ होती. खांदे, वेणीची रेघ, सगळं. त्या आकारातली पुट्टी तिच्याबरोबर लातूरला गेली होती आणि आतली वीट दिसत होती. उद्धवरावांनी चंद्रप्रभाबाईंना बोलावलं. त्या बघत राहिल्या आणि मग स्टुलावर बसल्या. उद्धवरावांचे डोळे भरून आले. पुट्टीची धूळ डोळ्यांत गेली, असं त्यांनी सांगितलं. पुट्टी ओली होती, पण चंद्रप्रभाबाईंनी वाद घातला नाही.

साडेसातला फोन आला.

"बाबा, पोचलो. साडीवरचा रंग निघत नाहीये. पप्पा विचारतायत, रंग कोणता वापरला?"

"का?"

"म्हणाले, साडीवर इतका पक्का बसलाय, तर भिंतीवर का बसला नाही, ते विचार. आणि म्हणाले, कूलर पंधरा दिवस बंद ठेवायला सांग."

"म्हणजे त्यांना कळलं होतं?"

"घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या."

"मग वाजवली का नाही?"

"मी उठणार नव्हते, हेही त्यांना कळलं होतं," मृण्मयी म्हणाली. "बाबा, जेवलात का नीट? तुम्ही पानात काहीच घेतलं नव्हतं."

फोन ठेवल्यावर उद्धवराव कोपऱ्यातल्या खिडकीशी गेले आणि कूलर बंद केला. आधी मोटर, मग पंखा. एवढा मोठा आवाज एकदम थांबल्यामुळे पलीकडे गुरुपादप्पा खोकले, तेही ऐकू आलं. चंद्रप्रभाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. बंद कूलरकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग आत जाऊन माळ्यावरचे दोन हातपंखे काढून आणले आणि एक उद्धवरावांच्या हातात दिला.

"आजचा दिवस धरायचा का उद्यापासून मोजायचे?" त्यांनी विचारलं.

"आजचा धरू," उद्धवराव म्हणाले, आणि दोघं भिंतीसमोर बसून वारा घेऊ लागले.